जिवंत देवदत्त आणि कंपायलरचा तर्क

मंडळी, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक कंपायलरवर बोलणार म्हटल्यावर काही जण केवळ गंमत बघायला आले असतील. हरकत नाही, बसा. आज आपण ज्या गोष्टीकडे पाहणार आहोत ती मुळात तर्काची गोष्ट आहे, संगणक त्यात निमित्ताला आहे. संगणकाच्या अगदी खालच्या थरातल्या प्रोग्राममधून काही सुरक्षा-तपासण्या गायब झाल्या. कुणी त्या पुसल्या नव्हत्या. प्रोग्रामरने लिहिलेल्या ओळी फाइलमध्ये जशाच्या तशा होत्या. पण त्या ओळींचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने तर्क चालवला, 'ही तपासणी व्यर्थ आहे' असं ठरवलं आणि ती गाळली. तर्कात खोट नव्हती. तरीही दार उघडं राहिलं.

ज्यांचा संगणकाशी फार संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणूस प्रोग्राम लिहितो तो सी सारख्या भाषेत. प्रोसेसरला ती भाषा कळत नाही, त्याला त्याच्या स्वतःच्या सूचना लागतात. मधला दुभाषा म्हणजे कंपायलर. पण हा दुभाषा शब्दाला शब्द ठेवणारा नाही. तो मजकूर आटोपशीर करतो: दोनदा केलेला हिशेब एकदाच करतो, कधीच न वापरलेली बेरीज टाकून देतो, ओळींचा क्रम बदलतो. यालाच ऑप्टिमायझेशन म्हणतात. त्यावर बंधन एकच. प्रोग्रामचं बाहेरून दिसणारं वागणं मूळ मजकुराने ठरवलेलंच राहिलं पाहिजे. आत काय उलथापालथ केली ते कुणी विचारत नाही.

या शास्त्रात आपल्याकडचं कामही मोलाचं आहे, आणि ते फार लांब झालेलं नाही. इथून गाडीत बसलात की तीन तासांच्या आत पवई येते. तिथल्या आयआयटीमध्ये प्रा. धनंजय ढमढेरे यांनी याच विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक देशभरातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी वाचलेलं आहे. फ्रान्समधल्या मोरेल आणि रेनव्हॉज यांनी १९७९ मध्ये एक पद्धत मांडली होती. एखादा हिशेब काही वाटांवर आधीच झालेला असेल आणि पुढे पुन्हा केला जात असेल, तर तो नेमका कुठे हलवला म्हणजे एकदाच करावा लागेल, हे शोधण्याची ती पद्धत. ढमढेरे यांनी ती व्यवहारात नीट चालेल अशी सुधारली. त्यांचा तो निबंध १९९१ चा.

या कामातली एक अट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तिला 'सेफ्टी' म्हणतात. ज्या वाटेवर मुळात भागाकार नव्हता त्या वाटेवर तुम्ही नवा भागाकार आणून ठेवायचा नाही. समजा, एका लूपच्या आत क्ष भागिले य हा हिशेब आहे आणि लूप हजार वेळा फिरतो. मोह होतो की भागाकार लूपच्या आधी एकदाच करून ठेवावा. पण लूप शून्य वेळा फिरला तर? य शून्य आहे म्हणूनच प्रोग्रामरने लूप फिरू दिला नसेल तर? मग जो भागाकार कधीच झाला नसता तो तुम्ही घडवून आणलात आणि प्रोग्राम कोसळला. म्हणजे दुभाष्यालाही एक व्रत आहे. वेगासाठी त्याने परक्याच्या घरात आग लावायची नाही.

हे झालं कंपायलरचं वचन. पण करार दोन बाजूंचा असतो. प्रोग्रामरचंही एक वचन आहे, ते बहुतेकांनी वाचलेलं नसतं, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

सी भाषेचं पहिलं अमेरिकन प्रमाणक १९८९ मध्ये आलं. प्रमाणक म्हणजे भाषेचा कायदा म्हणा. त्या कायद्यात काही ठिकाणी लिहिलं आहे की अमुक घडलं तर पुढे काय होईल यावर हा कायदा कोणतीही अट घालत नाही. याला 'अनडिफाइन्ड बिहेवियर' म्हणतात. आपण 'अपरिभाषित वर्तन' म्हणू. चिन्ह असलेल्या दोन पूर्णांकांची बेरीज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, तर अपरिभाषित. शून्याने भागलं, तर अपरिभाषित. रिकाम्या पत्त्यावर वाचायला गेलात, तर अपरिभाषित.

असं का केलं? आळस म्हणून नव्हे. त्या काळी यंत्रं तऱ्हेतऱ्हेची होती. ऋण संख्या लिहिण्याच्या तीन पद्धती चालू होत्या. साधं उदाहरण घ्या. ३२ बिटांची संख्या ३२ घरं डावीकडे सरकवली तर काय उरावं? इंटेलच्या प्रोसेसरला फक्त खालचे पाच बिट दिसतात, त्यामुळे ३२ त्याला शून्य वाटतात आणि संख्या आहे तशीच राहते. ३२ बिटांच्या आर्म प्रोसेसरवर शून्य उरतं. भाषेने एकाची बाजू घेतली असती तर दुसऱ्या यंत्रावर प्रत्येक वेळी जादा सूचना पेरावी लागली असती. म्हणून कायदा म्हणाला, असं करूच नका. केलंत तर आमचा संबंध नाही.

त्या काळच्या प्रोग्रामरने याचा अर्थ घेतला तो असा: 'माझ्या यंत्रावर जे होतं ते होईल.' अनेकांच्या डोक्यात आजही हाच अर्थ आहे. पण कायद्यात तो कुठेही लिहिलेला नाही. 'कोणतीही अट नाही' याचा अर्थ 'यंत्राची रीत पाळली जाईल' असा होत नाही. आणि कंपायलर लिहिणाऱ्यांनी हळूहळू तिसराच अर्थ वापरायला सुरुवात केली. प्रोग्रामरने असं काही न करण्याचं वचन दिलं आहे. तेव्हा हे कधीच घडत नाही, असं आपण धरून चालू. निषेध होता, त्याचं गृहीतक झालं.

आता मीमांसकांकडे जाऊ. ज्यांना भारतीय प्रमाणशास्त्र ठाऊक आहे त्यांनी ओळखलंच असेल, ही अर्थापत्ती आहे. शबरस्वामींच्या भाष्यात तिचं उदाहरण येतं. देवदत्त जिवंत आहे. तो घरी नाही. म्हणजे तो बाहेर कुठेतरी असला पाहिजे. त्याला बाहेर कुणी पाहिलेलं नाही. पण तसं धरल्याशिवाय पहिल्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. नैयायिक म्हणतात, याला वेगळं प्रमाण कशाला, हे अनुमानच आहे. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला हवी आहे ती 'जिवंत आहे' ही अट. ती आधीच पक्की असली पाहिजे. तीच डळमळीत असेल, तर घरी न दिसण्यातून तो बाहेर आहे हे सिद्ध होत नाही. उलट शंका येते की अरे, माणूस आहे ना?

कंपायलर अर्थापत्तीच करतो. 'हा प्रोग्राम कायदेशीर आहे' ही त्याची 'देवदत्त जिवंत आहे'. इथे पॉइंटर वापरलेला दिसतो. कायदेशीर प्रोग्राम रिकामा पॉइंटर वापरत नाही. म्हणजे हा पॉइंटर रिकामा नाही. सुंदर तर्क आहे. फक्त जिवंतपणाबद्दल शंका घ्यायची सोय त्यात नाही.

२००९ च्या जुलैमध्ये लिनक्सच्या बाबतीत नेमकं हेच घडलं, ते जरा सावकाश पाहू. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात 'टन' नावाचा एक ड्रायव्हर आहे, आभासी नेटवर्क-जोडणीसाठीचा. त्याच्या २.६.३० या आवृत्तीतल्या एका फंक्शनमध्ये दोन ओळी अशा क्रमाने होत्या. पहिल्या ओळीत टन या पॉइंटरच्या पत्त्यावर जाऊन तिथला एक घटक वाचून घेतलेला. त्यानंतर काही अंतरावर तपासणी: टन रिकामा असेल तर चुकीचा संकेत देऊन परत फीर. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, आणि रिकामा म्हणजे शून्य क्रमांकाचा पत्ता, एवढं लक्षात ठेवा.

तुम्ही-आम्ही वाचलं तर म्हणू, क्रम चुकला; आधी तपासायचं, मग वाचायचं. पण लिहिणाऱ्याचा हेतू स्पष्ट आहे, पॉइंटर रिकामा असू शकतो हे त्याला माहीत आहे. कंपायलरने, म्हणजे जीसीसीने, काय वाचलं? पहिल्या ओळीत पत्त्यावर जाऊन वाचलं आहे. म्हणजे पत्ता रिकामा नाही. मग पुढची तपासणी नेहमीच खोटी ठरणार. ती काढून टाका.

कुणी म्हणेल, बिघडलं काय? पत्ता खरोखर शून्य निघाला तर पहिल्याच ओळीला प्रोग्राम कोसळेल, तपासणीपर्यंत पोचेलच कशाला? साध्या प्रोग्रामपुरतं हे ठीक. कर्नलमध्ये नाही. त्या काळात वापरकर्त्याच्या एखाद्या प्रोग्रामला शून्य पत्त्यावरच मेमरीचं पान मांडून ठेवणं शक्य होतं. त्याला बंदी करणारी एक मर्यादा कर्नलमध्ये होती, पण तिला वळसा घालता येत होता. म्हणजे हल्लेखोर आपलं पान शून्यावर मांडतो, त्यात हवी ती माहिती भरतो, आणि टन रिकामा राहील अशी परिस्थिती आणतो. पहिली ओळ कोसळत नाही, तिला वाचायला काहीतरी मिळतं. दुसऱ्या ओळीने अडवायचं, तर ती ओळच उरलेली नाही. कर्नल पुढे चालत राहतो, हल्लेखोराने मांडलेल्या माहितीवर विसंबून, सर्वाधिकारासह. ब्रॅड स्पेंगलर यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं.

आता मीमांसकाला ही दोन वाक्यं दाखवा. एका ओळीवरून वाटतं पत्ता भरलेला आहे, दुसऱ्या ओळीवरून वाटतं लिहिणाऱ्याला तो रिकामा असण्याची भीती आहे. तो म्हणेल, थांबा, देवदत्त जिवंत आहे का ते आधी बघा. प्रोग्रामच्या कायदेशीरपणावर शंका घ्यायला लावणारा पुरावा समोरच आहे. कंपायलर मात्र तोच पुरावा निरर्थक म्हणून टाकून देतो. आमच्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. तर्काचा नियम मोडलेला नाही. गृहीतकाच्या विरुद्ध जाणारा साक्षीदार मात्र गृहीतकाच्याच जोरावर न्यायालयाबाहेर काढलेला आहे.

'पॉइंटर रिकामा नाही' ही माहिती एका ओळीवरून पुढच्या ओळींकडे कशी वाहत जाते याचं रीतसर शास्त्र आहे. त्याला डेटा फ्लो अनॅलिसिस म्हणतात. या विषयावर उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं २००९ मध्ये निघालेलं पुस्तक आहे. पुन्हा पवईच. खेडकर यांनी तिथे जीसीसीचा गाभा उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळाही घेतल्या. ज्यांना दुभाष्याच्या डोक्यात शिरायचं आहे त्यांनी तिकडे वळावं. आम्ही उंबरठ्यावरूनच बोलतो आहोत.

दुसरं उदाहरण बेरजेचं. नेहमीचा पूर्णांक जास्तीत जास्त २१४७४८३६४७ पर्यंत जातो. त्यात शंभर मिळवले तर यंत्रावर तो उलटा फिरून ऋण होतो. म्हणून जुने प्रोग्रामर तपासणी लिहीत: अ अधिक १०० हे अ पेक्षा मोठं आहे ना? नसेल तर थांब. २००७ च्या जानेवारीत जीसीसीकडे तक्रार आली की ही तपासणी उडून जाते. उत्तर मिळालं की चिन्हांकित बेरीज मर्यादेबाहेर जाणं अपरिभाषित आहे, तेव्हा अ अधिक १०० हे अ पेक्षा मोठंच असतं. शाळेतलं गणित म्हणून अगदी बरोबर! यंत्राचं गणित पकडण्यासाठी लिहिलेली ओळ शाळेच्या गणिताने खोडली गेली. पुढच्याच वर्षी पॉइंटरच्या बेरजेतली अशीच तपासणी गाळली जाते म्हणून अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने इशारा काढला.

इथे कंपायलरवाल्यांना मूर्ख किंवा दुष्ट ठरवणं सोपं आहे. आम्ही ते करणार नाही, त्यांची बाजू पोकळ नाही. लूपमध्ये एक मोजणी १ ने वाढते आहे आणि न पर्यंत जाते आहे. मोजणी कधी उलटी फिरत नाही असं धरता आलं तर लूप किती वेळा फिरणार ते आधीच सांगता येतं, आणि मग बरीच कामं एकदम उरकता येतात. शिवाय आजची यंत्रं ६४ बिटांची आणि मोजणी ३२ बिटांची. उलटं फिरणं ग्राह्य धरलं तर प्रत्येक फेरीला ती रुंद करून घ्यावी लागू शकते; नाही धरलं तर सुरुवातीपासूनच ६४ बिटांत ठेवता येते. लूप कोटी वेळा फिरतो तेव्हा ही बचत दिसते. आणि कंपायलरला 'हा लूप' आणि 'ती सुरक्षा-तपासणी' असे दोन वेगळे पदार्थ दिसत नाहीत. एकच नियम दोन्हीकडे लागतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसमधला किस्सा याहून बोलका आहे. आधी ओळ: भाजक शून्य असेल तर त्रुटी कळवा. पुढची ओळ: भागाकार करा. त्रुटी कळवणारं फंक्शन परत येतच नाही, तिथून प्रोग्राम दुसरीकडे उडी घेतो. पण हे कंपायलरला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, त्रुटी कळवून झाल्यावरही भागाकार होणारच. म्हणजे भागाकार सगळ्या वाटांवर आहे. म्हणजे भाजक शून्य नाहीच. मग भागाकार तपासणीच्या आधी केला तरी चालेल. आणि प्रोग्राम शून्याने भागून कोसळला. मघाशी सांगितलेलं सेफ्टीचं व्रत आठवा. ज्या वाटेवर भागाकार नव्हता त्या वाटेवर तो आलाच की. पण कंपायलरच्या हिशेबी व्रत मोडलं नाही, कारण ती वाट त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती.

२०१३ मध्ये एमआयटीतल्या शी वांग, निकोलाय झेल्डोविच, फ्रान्स काशोक आणि आर्मांडो सोलर-लेझामा यांनी असा कोड शोधणारं साधन तयार केलं. त्यांची युक्ती आम्हाला आवडली. कंपायलरचा तर्क दोनदा चालवायचा, एकदा 'प्रोग्राम कायदेशीर आहे' हे धरून आणि एकदा न धरता. दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं तर ती ओळ धोक्याची. म्हणजे देवदत्ताच्या जिवंतपणाची अट काढून पाहायची! नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना दीडशेहून जास्त नव्या चुका सापडल्या.

आता तुमच्या गावाकडे येऊ. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १८६५ पासून रेल्वेने चढला जातो. चढ ३७ ला १ असा. वर येताना मागून बँकर इंजिनं लावतात ते तुम्ही रोज बघता. उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंग आहे. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटली तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला चढावर घेणारा तो फाटा. सांधा मुळात त्या फाट्याकडेच लावलेला असतो; गाडी आटोक्यात आहे हे दिसलं की मुख्य मार्ग मिळतो. रेल्वेच्या नियमात ब्रेक निकामी असलेली गाडी घाटात सोडायला बंदी आहेच. तरी रेल्वेने 'बंदी आहे, म्हणजे अशी गाडी येणारच नाही' असा तर्क केला नाही. नियम मोडला तर काय होईल हेही रुळांनी ठरवून ठेवलं.

आणि त्याची किंमत? प्रत्येक धडधाकट गाडीने तिथे खोळंबायचं. घाटातून उतरताना 'गाडी उगाच का थांबली' असं आपण पुटपुटतो, ती ही किंमत. सी मध्येही कॅच सायडिंग बसवता येतं. प्रत्येक बेरजेला, प्रत्येक पत्त्याला तपासणी जोडणारी सॅनिटायझर नावाची साधनं जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरमध्ये आहेत. ती लावली की प्रोग्राम मंदावतो. म्हणून चाचणीच्या वेळी लावतात आणि विकताना काढतात. आमचं स्पष्ट मत असं की, ज्या कोडवर अनोळखी माणसाने पाठवलेली माहिती येऊन आदळते तिथे ही किंमत मोजायला हवी. चित्रफितीच्या आतल्या लूपमध्ये नको. पण भाषेचा कायदा दोघांना एकच नियम लावतो, आणि हा दोष आम्ही कंपायलरपेक्षा कायद्याच्या पदरात घालू.

कर्नलवाल्यांनी काय केलं? टनमधल्या ओळींचा क्रम दुरुस्त केला, हे झालंच. पण त्यांनी करारही बदलला. कर्नल कंपाइल करताना जीसीसीला सूचना देऊ लागले: रिकाम्या पॉइंटरच्या तपासण्या काढू नकोस. त्या पर्यायाचं नाव 'एफ-नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स'. बेरजेसाठीही त्यांनी सांगून टाकलं, ती उलटी फिरते असंच धर. पोस्टग्रेसही बेरजेची सूचना देतो. म्हणजे लिनक्सचा गाभा आज प्रमाणकातल्या सी मध्ये लिहिलेला नाही. सी ची एक बोली आहे, तिच्यात लिहिलेला आहे. भाषाशास्त्राच्या माणसांना यात नवल वाटणार नाही.

प्रमाणकाचं म्हणाल तर २०२३ च्या सी ने ऋण संख्या लिहिण्याची एकच पद्धत बंधनकारक केली. १९८९ ची मूळ सबब त्या दिवशी संपली. तरी चिन्हांकित बेरीज मर्यादेबाहेर जाणं अपरिभाषितच ठेवलं आहे. सबब गेली, सोय उरली. जावाने पहिल्यापासून ठरवलं होतं की बेरीज उलटी फिरते. रस्ट नावाच्या नव्या भाषेत चाचणीच्या बांधणीत प्रोग्राम तिथेच थांबतो आणि अंतिम बांधणीत बेरीज उलटी फिरते; काहीही झालं तरी ठरलेलं आहे. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्समध्ये रस्टला शिरकाव मिळाला आहे, त्यामागे कारणं अनेक, त्यांपैकी हे एक.

वेळ संपत आली. मागून एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे: मुलगा पुण्यात सी मध्ये काम करतो, त्याने नेमकं काय करायचं? बाई, त्याला सांगा, आग लागल्यावर ती मोजायची नाही, लागण्याआधी मोजायची. 'अ अधिक १०० हे अ पेक्षा लहान झालं का' असं विचारू नकोस, कारण ते विचारताना बेरीज होऊन गेलेली असते. 'अ हा २१४७४८३६४७ वजा १०० पेक्षा मोठा आहे का' असं विचार, आणि मगच बेरीज कर. यात अपरिभाषित काही घडत नाही, म्हणून ही ओळ कंपायलरला गाळता येत नाही. पॉइंटर आधी तपास, मग वाच. जिथे उलटं फिरणंच हवं आहे तिथे बिनचिन्हाचा पूर्णांक वापर. त्याचं उलटं फिरणं कायद्याने ठरवून दिलेलं आहे. आणि चाचणीला सॅनिटायझर लावल्याशिवाय काम पुढे पाठवू नकोस. तो म्हणेल की हे सगळं त्याला माहीत आहे. मग त्याला विचारा, त्याच्या कंपनीतला कोड कोणते पर्याय देऊन कंपाइल होतो.